दिवस राहिल्याची चाहूल

मराठीत एखादीला ‘दिवस गेले’ म्हणा किंवा ‘दिवस राहिले’ म्हणा, अर्थ एकच. परभाषिक मनुष्याला याचा उलगडा होणे कठीण. परंतु ही गोष्ट सांगण्यासाठी आपल्या बायकांनी नेमका ‘दिवस’ हाच शब्द निवडला, यात मोठे शहाणपण आहे. कारण गरोदरपणाच्या आरंभी सारा प्रश्न दिवसांच्या हिशेबाचाच असतो.

पाळी चुकणे ही पहिली खूण सर्वांनाच ठाऊक असते. मात्र ती चुकली हे समजण्यासाठी मागची पाळी केव्हा आली होती हे नक्की आठवावे लागते, आणि घोटाळा होतो तो तेथेच. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली की पुष्कळ भगिनी “संकष्टीच्या आसपास” किंवा “नणंदेच्या साखरपुड्यानंतर” असे उत्तर देतात. वस्तुतः ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब मांडतो, तिच्यावरच पाळीच्या पहिल्या दिवशी एक बारीकशी खूण करून ठेवली तर केवढे काम सोपे होईल! शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून गरोदरपणाचे २८० दिवस मोजले जातात. त्या तारखेत नऊ महिने व सात दिवस मिळविले की प्रसूतीची अंदाजी तारीख निघते. हा नियम नेगेल या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखला जातो. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा आपल्या आजीबाईंचा आडाखा त्याच्यापासून फार दूर नाही.

या मोजणीत एक गोम आहे. नियमित पाळी येणाऱ्या स्त्रीची पाळी आठवडाभर लांबली, तेव्हा वैद्यकाच्या हिशेबाने तिचे पाच आठवडे भरलेले असतात. बाळाचा मेंदू व पाठीचा कणा यांची घडण ज्या नलिकेपासून होते, ती नलिका साधारणतः सहाव्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. “आणखी एक महिना वाट पाहू” म्हणून घरातील मंडळी गप्प बसतात, तोवर हे नाजूक काम होऊनही गेलेले असते. ती नलिका नीट मिटावी यासाठी फॉलिक आम्लाची गोळी उपयोगी पडते. म्हणूनच मूल हवे असे ठरले की दररोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करावी. फेफरे व मुरुमे यांवरील काही औषधे याच दिवसांत गर्भाला अपाय करतात. अशी औषधे चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. मात्र फेफऱ्याचे औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करणे हेही तितकेच घातक.

पाळीखेरीज इतर खुणा शरीर देतच असते. स्तन जड व हुळहुळे होतात, स्तनाग्रांभोवतालचा भाग काळसर दिसू लागतो, लघवीला वारंवार जावे लागते, आणि दुपारी चार वाजताच डोळ्यांवर झापड येते. कालपर्यंत भूक चाळवणारा फोडणीचा वास आज नकोसा होतो. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि ती केवळ सकाळीच होते असे नाही. आपल्याकडे तिला ‘पित्त’ समजून आल्याच्या रसावर दिवस काढण्याची रीत आहे. आल्याने कोणाचे बिघडत नाही, पण निदान लांबते. उलटपक्षी, या खुणा फसव्याही असतात. थायरॉईडच्या विकाराने, काळजीने किंवा चाळिशीनंतरच्या बदलानेही पाळी लांबते. अंगावर पाजणाऱ्या आईला तर पाळी परत येण्यापूर्वीच पुन्हा दिवस राहू शकतात. तेव्हा लक्षणांवरून तर्क करावा, निर्णय मात्र चाचणीवर सोपवावा.

ही चाचणी आज किती सुलभ झाली आहे! सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२० नंतरच्या दशकात, बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक या संशोधकांनी स्त्रीची लघवी लहान उंदरिणींना टोचून, काही दिवसांनी त्यांची बीजकोशे तपासून निदान करण्याची पद्धत काढली. गर्भ रुजल्यावर जो विशेष अंतःस्राव लघवीत उतरतो, तोच आता औषधांच्या दुकानात मिळणारी पट्टी काही मिनिटांत ओळखते. सरकारी योजनेतील ‘निश्चय’ नावाची अशी पट्टी गावातील आशाताईंकडे मिळते. पाळीची तारीख उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब वापरावेत. दोन रेघा उमटल्या, दुसरी फिकट का असेना, तर गर्भ आहे असे समजावे. एकच रेघ आली व तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा पाहावे.

एक गोष्ट मात्र पट्टी सांगत नाही: गर्भ कोठे रुजला आहे. क्वचित तो गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीतच रुजतो. अशा वेळी ओटीपोटात, बहुधा एका बाजूस, दुखते, थोडे रक्त जाते, खांद्याच्या टोकाशी कळ येते किंवा घेरी येते. ‘पाळीच आली असेल’ म्हणून घरी पडून राहण्याची ही वेळ नव्हे. बीजवाहिनी फुटली तर आतल्या आत रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. रात्र असली तरी सोयी असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे.

तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचे नाही, ही चाल अनेक घरांत अद्याप आहे. शेजारणीला सांगू नये हे समजू शकते. पण त्याच संकोचाने डॉक्टरांकडे जाणेही लांबणीवर टाकले जाते, हे काही पटण्यासारखे नाही. आरंभीचे गर्भपात बहुतांशी बीजातील रंगसूत्रांच्या दोषामुळे होतात. कोणाच्या दृष्टीमुळे किंवा सुनेने बादली उचलल्यामुळे नव्हेत.

म्हणून बारा आठवड्यांच्या आत आरोग्यकेंद्रात नाव नोंदवावे. तेथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. रक्तदाब, वजन, रक्तगट, रक्तातील हिमोग्लोबिन व साखर, तसेच लघवी यांची तपासणी होते. जाताना चालू असलेल्या औषधांची पाकिटे आणि दिनदर्शिकेवरील ती तारीख बरोबर न्यावी. यजमानांनीही सोबत जावे. मागील बाळंतपणाची माहिती विचारतात तेव्हा दोघांची आठवण उपयोगी पडते.