नेवाळीचा विमानतळ कागदात कसा शोधावा

कल्याणजवळ, मलंगगडाच्या बाजूला नेवाळी गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने नेवाळी आणि आसपासच्या गावांची सोळाशेहून अधिक एकर जमीन विमानतळासाठी ताब्यात घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा कसू लागले. सरकारदप्तरी जमीन मात्र संरक्षण खात्याचीच राहिली. नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गाड्या जळाल्या. म्हणजे या विमानतळाच्या कागदांचा शोध हौसेचा नाही. त्यावर कुणाचं तरी शेत अवलंबून आहे.

युद्धकाळात असे विमानतळ गुप्त ठेवले जात, त्यामागे कारण होतं. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, एप्रिलमध्ये कोलंबो आणि विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. घाईघाईने देशभर दोनशेहून जास्त विमानतळांची आखणी झाली. लष्करी ठिकाणांची माहिती छापायला भारत संरक्षण नियमांनी बंदी होती. त्यामुळे त्या वर्षांच्या वर्तमानपत्रांपासून सुरुवात करू नये. तिथे फारसं हाती लागत नाही. सुरुवात करावी तलाठ्याच्या दप्तरापासून. विमानतळ गुप्त ठेवता येतो, पण शेतसारा कुणाकडून घ्यायचा आणि कुणाकडून नाही, हे कुठेतरी लिहावंच लागतं.

सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात, ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक. एकेक फेरफार काढत मागे जायचं. आमच्या लोटे गावात औद्योगिक वसाहतीसाठी गेलेल्या जमिनींचा माग असाच लागतो. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. नकाशा, टिपण (मोजणीची नोंद) आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलांची नोंद) भूमी अभिलेख कार्यालयात. सर्व्हे नंबर मधल्या काळात बदललेला असू शकतो, म्हणून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घालावा. नाहीतर शेजाऱ्याच्या शेताचा इतिहास आपण आपला म्हणून वाचत बसतो.

युद्धकाळातला फेरफार हाती आला की सर्वांत महत्त्वाचं काम सुरू होतं. जमीन तात्पुरती ताब्यात घेतली होती की कायमची संपादित केली होती? भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ या नियमाने सरकार स्थावर मालमत्ता युद्धकामासाठी ताब्यात घेऊ शके. त्या ताब्यात मालकी मूळ धन्याकडेच राहते आणि त्याला वापराचा मोबदला मिळतो. संपादनात मालकीच जाते. युद्धानंतर असे ताबे चालू ठेवण्यासाठी १९४७ साली आणि पुन्हा १९५२ साली कायदे झाले, त्यामुळे त्या दोन वर्षांनंतरच्या नोंदीही तपासायला हव्यात. मोबदल्याची पावती कुणाच्या ट्रंकेत असेल तर ती भाड्याची आहे की किमतीची, हे जाणकाराकडून वाचून घ्यावं. माझ्या मते एखाद्या घरातला असा कागद दिल्लीच्या सरकारी फायलीइतकाच मोलाचा आहे.

गावाबाहेरचे पुरावे त्यानंतर. मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याच्या फायली आणि जुनी राजपत्रं आहेत. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश हवाई दलाच्या रोजनिश्या आहेत: ‘एअर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या, ‘एअर २८’मध्ये तळांच्या. नकाशांसाठी अमेरिकी लष्कराची १९५०च्या दशकातली भारताची मालिका बघावी. टेक्सास विद्यापीठाने ती इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. तिच्यात धावपट्ट्यांच्या खुणा सापडतात. त्या आजच्या उपग्रहचित्राशी ताडून पाहाव्यात.

म्हाताऱ्या माणसांशी बोलणं मात्र पुढे ढकलू नये. त्यांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ला स्फोट झाला. विमानं त्याआधी यायची की नंतर? पहिलं पीक पुन्हा कधी घेतलं, सारा कुणी भरला? उत्तरं फेरफारांशी जुळवून पाहावीत.

शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज. संरक्षण संपदा अधिकाऱ्याकडे लष्करी जमिनींची नोंदवही असते. गावाचं नाव आणि जुने सर्व्हे नंबर देऊन तिच्यातल्या नोंदींची प्रत मागावी. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती नाकारण्याची बहुतेक कारणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३)मुळे गळून पडतात. देशाच्या सुरक्षेचं कारण मात्र उरतं. म्हणून आजच्या तळाविषयी काही विचारू नये, १९४२ ते १९५२ या काळातल्या जमिनीच्या नोंदींपुरताच अर्ज ठेवावा आणि फेरफाराची प्रत सोबत जोडावी.