काम झाले तर इनाम : लिनक्ससारख्या मोकळ्या प्रणालींचा खर्च कोण उचलतो?

राजूर कॉलरीच्या एका झेरॉक्स-दुकानदार बांधवाने आमच्याकडे विचारणा केली आहे. त्यांच्या दुकानात काही वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आहे. फॉर्म भरणे, बिल काढणे, लग्नपत्रिका जुळविणे ही कामे तो अजून नीट करतो. परंतु मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ तर जुन्या यंत्रावर रीतसर चढत नाही. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी लिनक्स घालून घेतले. सर्व काही चालले, फक्त बिलाचा छोटा प्रिंटर चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, फुकटची वस्तू आहे, तक्रार कुणाकडे करणार? आता या बांधवाचा प्रश्न असा : आम्ही चार-दहा दुकानदारांनी मिळून पैसे ठेवले तर कुणी हे काम करून देईल काय? आणि अशा रीतीने पैसे देणे शरियतीच्या दृष्टीने कसे?

प्रश्न एका दुकानाचा नाही. जुना संगणक भंगारात देऊन नवा घ्यायचा म्हणजे लहान दुकानदाराची काही महिन्यांची कमाई जाते. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

दुरुस्तीवाल्याचे बोलणे अर्धेच खरे आहे. लिनक्स फुकट मिळते, पण फुकट तयार होत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलक, पडदा, प्रिंटर यांच्याकडून काम करून घेणारा तो. विंडोजची घडण कंपनीच्या कुलपात असते. लिनक्सची घडण सर्वांसमोर उघडी आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती सुरू केली. आज कुणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी. हकिमाने आपला नुस्खा दवाखान्याच्या दारावर लावून ठेवावा, तसा हा प्रकार. यातील बरेचसे काम इंटेल, रेड हॅट, गुगल अशा कंपन्यांचे पगारी लोक करतात, कारण त्यांच्या धंद्याला ते लागते. उरलेले काम हौशी लोक करतात. राजूरच्या दुकानातील बिलाचा प्रिंटर मात्र कंपनीच्या यादीतही नसतो आणि हौशी माणसाच्या टेबलावरही नसतो. अशा मागे राहिलेल्या कामांसाठी जी रीत निघाली तिला बाउंटी म्हणतात. आपण तिला इनाम म्हणू.

रीत साधी आहे. अमुक काम करून दाखविणाऱ्यास अमुक रक्कम, असे जाहीर करायचे. ज्यांना त्या कामाची गरज आहे ते आपापली भर घालतात. जो ते पुरे करील त्याने रक्कम घ्यावी. किती तास बसला, किती रात्री जागला, याचा हिशेब नाही. विहीर खोदणाऱ्याशी पाणी लागले तर इतके असा सौदा व्हावा, तसेच हे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत ही रीत अनेकांनी वापरून पाहिली आहे. उबुंटू लिनक्सचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ च्या सुमारास ठरावीक कामांवर स्वतःच्या खिशातून इनामे लावली. अमिगा नावाच्या जुन्या संगणकांच्या प्रणालीशी जुळणारी एरॉस ही प्रणाली आहे, तिच्या चाहत्यांनीही वर्गणी काढून कामे करून घेतली. सर्वांत बोलका दाखला हायकूचा आहे. अमेरिकेतील बी नावाच्या कंपनीची बीओएस ही सुरेख प्रणाली होती. २००१ साली कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने घेतली आणि प्रणाली बंद पडली. चाहत्यांनी त्याच वर्षी तशीच नवी प्रणाली मोकळ्या पद्धतीने लिहावयास घेतली. ती हायकू. पैसा तुटपुंजा, माणसे थोडी. बिनतारी इंटरनेट जोडणीसारख्या अडलेल्या कामांवर चाहत्यांनी इनामे लावली आणि त्यातली काही कामे मार्गी लागली. तरीही पहिली बीटा आवृत्ती यावयास २०१८ चा सप्टेंबर उजाडला. पुढे २०२१ पासून हायकूच्या संस्थेने देणग्यांतून एका माणसास पूर्ण वेळ मेहनतान्यावर ठेवले.

इनाम सोडून मेहनतान्याकडे जावे लागले, याचे कारण कारागिरांना लगेच कळेल. इनामाने नवे काम होते, देखभाल होत नाही. भट्टी बांधून देणाऱ्यास एकदा पैसे देता येतात, पण ती रोज पाहावी लागते त्याचे काय? आज चालणारा ड्रायव्हर (प्रिंटरची भाषा संगणकास समजावून देणारा लहानसा प्रोग्राम) दोन वर्षांनी प्रणालीची आवृत्ती बदलली की बंद पडू शकतो. तेव्हा इनाम घेणारा आपल्या वाटेने गेलेला असतो.

याचा कडवट दाखला २०१४ च्या एप्रिलमध्ये जगाने पाहिला. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणारा ओपनएसएसएल हा मोकळा प्रोग्राम असंख्य यंत्रांत बसविलेला होता. त्यात हार्टब्लीड नावाची गंभीर चूक सापडली. ती शोधणाऱ्यांपैकी गुगलचे नील मेहता यांना १५ हजार डॉलरचे इनाम मिळाले, आणि त्यांनी ते दान केले. परंतु ज्या प्रकल्पात ही चूक राहिली, त्यास त्याआधी वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या अवघ्या २ हजार डॉलरच्या आसपास होत्या. चोर दाखविणाऱ्यास बक्षीस मोठे आणि पहारेकऱ्याची तनखा नाममात्र! त्याच वर्षी जानेवारीत, सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या ओपनबीएसडी या प्रणालीला विजेच्या बिलासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला होता.

इनामाची दुसरी अडचण अमानतीची आहे, आणि आमच्या मते तीच मोठी आहे. काम होईपर्यंत रक्कम कुणाकडे राहणार? अमेरिकेत २००४ साली बाउंटीसोर्स नावाची पेढी याच कामासाठी निघाली. लोक तिच्याकडे रक्कम ठेवीत आणि काम झाले की ती कारागिरास पोचवी. एलिमेंटरी ओएस या लिनक्सच्या प्रकारानेही आपल्या चुका दुरुस्त करून घेण्यास तिचा बराच उपयोग केला. पुढे पेढीची मालकी बदलली. २०२० साली नव्या मालकांनी नियम काढला की, दोन वर्षे कुणी न उचललेले इनाम पेढीचे होईल. ओरड झाली तेव्हा तो मागे घेतला. २०२३ साली तर पैसे देणेच थांबले. ज्यांनी काम पुरे केले होते तेही हात चोळीत बसले. ज्या नोटेवर दुसऱ्याचा हक्क आहे ती आपल्या गल्ल्यात मिसळली की काय होते, हे व्यापाऱ्यांना आम्ही काय सांगावे.

तिसरा वाद ठरलेला असतो : काम झाले, हे कोण ठरविणार? हा वाद संगणकाहून फार जुना आहे. समुद्रावर जहाजाचे रेखांश अर्ध्या अंशाच्या आत काढून देणाऱ्यास २० हजार पौंड, असे ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली जाहीर केले. जॉन हॅरिसन नावाच्या, सुतारकामातून आलेल्या घड्याळजीने तसे घड्याळ बनविले आणि ते प्रवासात उतरले. पण परीक्षक मंडळ दर वेळी नवी अट घाली. १७६५ साली निम्मी रक्कम हाती आली. उरलेल्यासाठी त्यास १७७३ पर्यंत भांडावे लागले, तेव्हा पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले. त्या वेळी त्याचे वय ऐंशी होते.

आता शरियतीचा भाग. हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांच्या किश्शात बादशहाचा प्याला हरवतो आणि तो आणून देणाऱ्यास उंटाच्या पाठीवर मावेल इतके धान्य देण्याची दवंडी पिटली जाते. एक जण त्याची जामीनकीही घेतो. सूरह यूसुफमधील या प्रसंगाचा आधार घेऊन फुकहांनी जुआला नावाचा करार मांडला. काम कोण करील ते ठाऊक नसते, फळ आणि मोबदला मात्र ठरलेला असतो. मालिकी, शाफई व हंबली मसलकात तो जायज मानला आहे. आपल्या कोकणी बांधवांत शाफई पुष्कळ आहेत, त्यांना ही चर्चा ओळखीची वाटेल. हनफी मसलकात मात्र, करणारा अज्ञात आणि मेहनत अज्ञात, म्हणून त्यात गरर मानून सरसकट परवानगी दिलेली नाही; पळालेला गुलाम परत आणून देणाऱ्याचा मोबदला तेवढा अपवाद. विदर्भातील बहुसंख्य वाचक हनफी आहेत. त्यांनी आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे. निर्धास्त मार्ग हवा असेल तर आधी कारागीर नक्की करावा, काम, मुदत आणि उजरत लिहून घ्यावी. मग तो सरळ इजारा होतो आणि वादच उरत नाही.

जुआल्याचे काही नियम मात्र कोणत्याही इनामास लागू पडावेत असे आहेत. शाफई फुकहांच्या मते, काम सुरू झाल्यावर इनाम लावणाऱ्याने माघार घेतली तर झालेल्या कामाची रास्त उजरत त्याने द्यावी. करणाऱ्याने अर्ध्यावर सोडले तर त्यास काही नाही. बाउंटीसोर्सवाल्यांनी एवढे वाचले असते तरी पुष्कळ भागले असते. इस्लामी बँकांसाठी मानके ठरविणाऱ्या बहरीनच्या आओफी या संस्थेने जुआल्यावर स्वतंत्र मानक, क्रमांक १५, काढले आहे.

आपल्या महाराष्ट्रात पैसे देऊन काम करवून ते सर्वांना मोकळे केल्याचा दाखला आहे, तो इनामाचा नव्हे, ठरावाचा. श्रीलिपी हे नाव छापखानेवाल्यांना व पत्रिका जुळविणाऱ्यांना सांगावयास नको. ती बनविणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने भारतीय लिपींचे काही टाईप तयार केले, आणि रेड हॅट कंपनीने ते लोहित या नावाने २००४ साली मोकळ्या परवान्यावर सर्वांना दिले. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली त्यात लोहितचा मोठा हात आहे. पैसे एकाने मोजले, उपयोग सर्वांना झाला. बंगळूरच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मोकळ्या प्रणालींसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्याचे स्वरूपही अनुदानाचे आहे. जाणत्यांचा कल कुठे वळला आहे, ते यावरून दिसते.

तर राजूरच्या बांधवाने काय करावे? पैसे काढण्याआधी, काम मुळात झालेले आहे काय ते पाहावे. बिलाचे बहुतेक छोटे प्रिंटर एप्सन कंपनीने रूढ केलेल्या ईएससी-पॉस या आज्ञा-पद्धतीवर चालतात. छाप कोणताही असो. त्या पद्धतीचा सर्वसाधारण ड्रायव्हर घालून अनेकदा काम भागते. मराठी अक्षरे तुटत असतील तर मजकूर प्रिंटरच्या स्वतःच्या टाईपात न पाठविता चित्र म्हणून पाठवावा लागतो. हे जाणणारा मुलगा यवतमाळ-चंद्रपूरकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून सापडू शकतो.

तरीही काम अडले, तर वीस दुकानदारांनी पाचशे-पाचशे घातले असे धरा. दहा हजार झाले. कोऱ्या कागदावरून ड्रायव्हर लिहून घेण्यास एवढी रक्कम पुरणार नाही, हे आधीच ओळखून असावे. असलेला ड्रायव्हर आपल्या प्रिंटरला जुळवून घेण्यास पुरू शकेल. रक्कम एका अमिनाकडे, दोघांच्या साक्षीने, वेगळी ठेवावी. कागदावर लिहावे : कोणता प्रिंटर, लिनक्सचा कोणता प्रकार व आवृत्ती, कोणता मजकूर कसा छापून निघाला म्हणजे काम पुरे, पसंती कोण देणार, मुदत किती, आणि मुदतीत न झाल्यास ज्याचे त्याला पैसे परत. एक अट मुळीच विसरू नये. झालेली दुरुस्ती मोकळ्या परवान्यावर देऊन मूळ प्रकल्पात स्वीकारली गेली पाहिजे. लिनक्सवरील छपाईचे काम ओपनप्रिंटिंग नावाचा गट पाहतो. दुरुस्ती तिथे गेली की पुढच्या आवृत्तीत ती आपोआप येते. एकाच दुकानाच्या यंत्रात राहिली तर पुढच्या बदलाबरोबर पुसली जाण्याची भीती. आमच्या मते दहा हजारांपैकी हजार-दोन हजार सहा महिन्यांनंतरच्या तपासणीसाठी मागे ठेवावेत, आणि तसे कारागिरास आधीच सांगावे.

जे टॅलीवर हिशेब ठेवतात त्यांनी घाई करू नये. टॅली विंडोजसाठी बनते. त्यांनी जुना संगणक हिशेबापुरता इंटरनेटपासून तोडून ठेवावा आणि फॉर्म वगैरेची कामे लिनक्सवर न्यावीत. जीएसटीचे विवरण भरतेवेळी फाईल पेनड्राईव्हवरून हलविता येते. कुणाला विचारावयास जाण्यापूर्वी प्रिंटरच्या मागील पट्टीवरचे नाव व क्रमांक जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा. मदत करणारा आधी तोच विचारतो.