डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील रक्तस्राव

बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्यामागची रंगीत कनीनिका यांच्यामधल्या कप्प्यात रक्त साचते, त्याला हायफीमा म्हणतात. बसल्यावर रक्त खाली उतरते आणि तळाशी लाल आडवी रेघ दिसते. सर्वांत मोठे कारण म्हणजे मुका मार: चेंडू, विटी, ठोसा. धक्क्याने कनीनिकेच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या फाटतात. जुन्या मधुमेहात उगवणाऱ्या नाजूक वाहिन्या, शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे हीही कारणे आहेत.

असा डोळा चोळू नये, दाबून बांधूही नये. डॉक्टर त्यावर कडक कवच लावतात, डोके उंच ठेवून विश्रांती सांगतात, बाहुली विस्फारणारे आणि स्टेरॉइडचे थेंब देतात. दुखले म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे धोक्याचे, कारण त्यांमुळे पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्याचा दाब रोज मोजतात. विदर्भ, नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार असल्यास थोडा वाढलेला दाबही दृष्टी नेऊ शकतो, म्हणून सिकलसेलची तपासणी टाळू नये. दाब उतरला नाही किंवा पारदर्शक पडद्यावर रक्ताचा डाग चढू लागला, तर शस्त्रक्रियेने रक्त धुऊन काढतात. मार बसलेल्या डोळ्याला काचबिंदू कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. त्यामुळे दरवर्षी दाब तपासावा लागतो.