टॅबलेट वाटले, पुढे काय?

पेरू देशाच्या सरकारने 2008 च्या सुमारास गरीब, दुर्गम भागांतल्या शाळांना लॅपटॉप वाटायला घेतले. बघता बघता त्यांची संख्या आठ लाखांवर गेली. पुढे 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, तेव्हा मुले लॅपटॉप सफाईने हाताळत होती. गणित आणि भाषेत मात्र लॅपटॉप नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या पुढे नव्हती. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि रोजच्या तासाला हे यंत्र कसे वापरायचे याची ठाम आखणीही नव्हती. आपल्याकडच्या टॅबलेटवाटपाच्या योजनांनी पेरूकडून हा धडा घ्यायला हवा. वाटपाचे फोटो छान येतात, शिकण्याचे येत नाहीत.

मग तंत्रज्ञान गरिबांच्या कामाचेच नाही का? तसे नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी ‘माइंडस्पार्क’ या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरची केंद्रे चालत. तिथे सॉफ्टवेअर आधी मुलाला खरोखर काय येते ते तपासायचे आणि तिथूनच पुढे न्यायचे. याची गरज किती होती? सहावीतले सर्वसाधारण मूल गणितात अडीच इयत्ता मागे होते! अशा वर्गात पाठ्यपुस्तक पुढे सरकते, मूल मागेच राहते. केंद्रात जागा कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, म्हणून तुलना चोख झाली. साडेचार महिन्यांत चिठ्ठी लागलेल्या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट भरली. यावर कुणी म्हणेल, तिथे सॉफ्टवेअरबरोबर शिक्षकही गटात शिकवत होते, मग श्रेय यंत्राला कसे? आक्षेप रास्त आहे, पण त्याने माझे म्हणणे पक्केच होते. कोण कुठे अडकले आहे हे यंत्राने शोधावे आणि समोर माणूस असावा, ही जोडी लागते.

साध्या फोननेही हे साधते. 2020 मध्ये शाळा बंद असताना बोट्सवानात काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणे एसएमएसने पाठवली. नुसत्या एसएमएसचा टिकाऊ फायदा दिसला नाही. जिथे सोबत शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे फोन केला, तिथली मुले पुढे गेली. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट.

‘आधी साधन तर हातात येऊ द्या’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2023 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 18 वयोगटातल्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलग्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांकडे, तर मुलींपैकी जेमतेम 20 टक्क्यांकडे होता. फोन घरात आला, तरी मुलीच्या वाट्याला येतोच असे नाही. तेव्हा टॅबलेटच्या निविदेवर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी दोन आकडे मागवावेत: किती मुले नेमकी कुठे अडली आहेत, आणि त्यांना आठवड्यातून एकदा फोन करणाऱ्या माणसाच्या मानधनाची तरतूद किती. दुसरा आकडा शून्य असेल, तर खरेदी थांबवावी.