दर्ग्यावरील हल्ला नेमका कोणावर?

यवतमाळ, खास प्रतिनिधी

११ ऑक्टोबर २००७. रमजानचा महिना आणि गुरुवारची सायंकाळ. अजमेर येथील ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात रोजा सोडण्यासाठी भाविक जमले असतानाच स्फोट झाला. त्यात तिघांचा बळी गेला, अनेक जण जखमी झाले. दुसऱ्या एका पिशवीतील बॉम्ब फुटला नाही, म्हणून पुढील अनर्थ टळला.

अजमेर यवतमाळपासून फार दूर आहे. तथापि आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या यात्रेला जाणाऱ्या आणि नागपूरला गेल्यावर ताजबागेत माथा टेकून येणाऱ्या यवतमाळकराला हे अंतर नकाशावर दिसते तेवढे वाटत नाही. अशी बातमी येताच शहरातील सामान्य माणसाच्या मनात एकामागून एक तीन प्रश्न उभे राहतात. आपले कोणी तिकडे गेले आहे काय? हे कृत्य कोणाचे? आणि यापुढे तेथे जावे की जाऊ नये? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दूरध्वनीवर मिळते. उरलेल्या दोन प्रश्नांना शहर काय उत्तर देते, त्यावर मात्र त्या शहराचे पुढील दिवस अवलंबून असतात. देशातील व देशाबाहेरील अशा घटनांचा मागोवा घेतला असता ही उत्तरे किती विचारपूर्वक द्यावयास हवीत, हे ध्यानात येते.

दर्ग्यात कोण जाते?

दर्गा म्हणजे सूफी संताची समाधी. संताच्या मृत्यूच्या दिवशी तेथे शोक केला जात नाही, उरूस भरतो. ‘उरूस’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ विवाह असा आहे. संताचा मृत्यू म्हणजे त्याचे ईश्वराशी झालेले मीलन, ही त्यामागील भावना. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांचा संजीवन समाधी सोहळा साजरा करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही.

विदर्भात ही परंपरा खोलवर रुजलेली आहे. वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचे स्थान आहे. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगडाचा केला, अशी आख्यायिका तेथील वैशिष्ट्यपूर्ण दगडांविषयी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पैनगंगेपलीकडे माहूर तालुक्यात वझरा शेख फरीद हे गावच बाबांचे नाव धारण करून आहे. नागपूरचे ताजुद्दीन बाबा वेड्यांच्या इस्पितळात असताना १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची सुटका करवून त्यांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले. एका मराठा राजघराण्याने एका मुस्लिम फकिराला गुरुस्थानी मानले आणि त्यात कोणालाही विसंगती दिसली नाही.

आजही संदलच्या मिरवणुकीत चालणाऱ्यांची, नवस फेडणाऱ्यांची, आजारी लेकराला मुजावरापुढे नेणाऱ्या आईची जात वा धर्म दारावर विचारला जात नाही. दर्ग्याचे हेच वैशिष्ट्य त्याच्यावरील हल्ल्यांच्या मुळाशी आहे.

गुरुवारच का?

अजमेरचा स्फोट गुरुवारी झाला. लाहोर येथील दाता दरबार या अली हुजवेरी यांच्या दर्ग्यावर १ जुलै २०१० रोजी आत्मघाती हल्ला होऊन ४० हून अधिक लोक ठार झाले, तो दिवसही गुरुवार. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला कराचीत अब्दुल्ला शाह गाझी यांच्या दर्ग्यावर हल्ला झाला, तेव्हाही गुरुवारच होता. सिंधमधील सेहवान येथे लाल शहबाज कलंदर यांच्या दर्ग्यात १६ फेब्रुवारी २०१७ रोजी ८० हून अधिक भाविकांचे प्राण घेणारा स्फोट झाला, तोही गुरुवारी.

यात योगायोग फारसा नाही. दर्ग्यात गुरुवारची सायंकाळ ही विशेष मानाची. त्या दिवशी चादर चढते, कव्वाली होते, लंगर चालतो आणि गर्दी सर्वाधिक असते. त्यात स्त्रिया व मुलांची संख्याही मोठी असते. दर्ग्याची दारे सर्वांसाठी उघडी असल्याने तेथे कडेकोट तपासणी करणे कठीण जाते. हल्लेखोर याच मोकळेपणाचा लाभ उठवतात.

दोन टोके, एकच लक्ष्य

हल्ल्यांमागील कारणे मात्र सर्वत्र सारखी नाहीत. पाकिस्तानातील बहुतेक हल्ल्यांमागे कट्टरपंथी संघटनांचा हात होता. सेहवानच्या हल्ल्याची जबाबदारी ‘इस्लामिक स्टेट’ने स्वीकारली होती. समाधीपुढे मागणे मागणे, तेथे गाणे-नाचणे हे या संघटना धर्मबाह्य मानतात. आफ्रिकेतील मालीमध्ये तिंबक्तू या प्राचीन नगरीतील सूफी संतांच्या समाध्या २०१२ मध्ये याच विचाराने पाडण्यात आल्या. त्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये एका आरोपीला नऊ वर्षांची शिक्षा सुनावली.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. दर्ग्यावर जावे की नाही, याविषयी मुस्लिम समाजातच जुना मतभेद आहे. अनेक श्रद्धाळू मुसलमान दर्ग्यात जात नाहीत व तसे मत उघडपणे मांडतात. हा मतभेद प्रवचनाचा व ग्रंथांचा आहे. मत न पटणे वेगळे आणि मत न पटणाऱ्याचा जीव घेणे वेगळे. या दोहोंना एका मापाने मोजणे हा अन्याय ठरेल.

अजमेरचे प्रकरण याच्या अगदी उलट टोकाचे निघाले. स्फोटानंतर प्रथम संशय व्यक्त झाला तो सीमेपलीकडील दहशतवादी संघटनांवर. पुढे तपासाची दिशा बदलली आणि २०१० मध्ये हिंदुत्ववादी गटाशी संबंधित व्यक्तींना अटक झाली. जयपूरच्या विशेष न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये तिघांना दोषी ठरवले. त्यांपैकी एकाचा पूर्वीच मृत्यू झाला होता, इतर दोघांना जन्मठेप झाली. अन्य सात जणांना संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडण्यात आले. शिक्षा झालेल्या दोघांना अपील प्रलंबित असताना २०१८ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जामीन दिला. हिंदू भाविकांनी दर्ग्यात जाऊ नये, अशी दहशत बसवणे हाही कटाचा हेतू होता, अशी अभियोग पक्षाची मांडणी होती.

म्हणजे एका टोकाला वाटते की खऱ्या मुसलमानाने तेथे जाऊ नये आणि दुसऱ्या टोकाला वाटते की खऱ्या हिंदूने तेथे जाऊ नये. ही दोन्ही टोके एकमेकांची कट्टर वैरी आहेत, परंतु सर्वांना सामावून घेणारा उंबरठा दोघांनाही नको आहे. दर्ग्यावरील हल्ला हा दगडी बांधकामावर किंवा एका समाजावर केलेला हल्ला नव्हे. तो एकत्र येण्याच्या सवयीवर केलेला हल्ला होय.

घाईने दिलेले उत्तर

‘हे कृत्य कोणाचे’ या प्रश्नाला चौकातल्या पानठेल्यावर तासाभरात उत्तर मिळते. ते बहुधा ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाला पटणारे असते. त्या उत्तराची किंमत मात्र वेगळ्याच माणसांना मोजावी लागते.

मालेगावचा अनुभव महाराष्ट्राने विसरू नये. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, हमीदिया मशीद व बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. आप्तांच्या कबरीवर फातेहा पढण्याचा तो दिवस. ३० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर पोलिसांनी नऊ मुस्लिमांना अटक केली. त्यांतील बहुतेकांना नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, जामीन मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केले. ज्या गावाने आपली माणसे गमावली, त्याच गावातील माणसांच्या माथी तो गुन्हा मारला गेला आणि तो कलंक पुसला जाण्यास साडेनऊ वर्षे लागली.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरणही विचार करावयास लावणारे आहे. २५ सप्टेंबर २०१५ रोजी बकरी ईदच्या दिवशी पुसद येथे मशिदीबाहेर पोलिसांवर चाकूहल्ला झाला. हल्ला खरा होता, पोलीस जखमी झाले होते. त्या प्रकरणाला दहशतवादाचे कलम लागले. २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिन्ही आरोपींना दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले आणि पोलिसांना दुखापत केल्याबद्दल एकाला तीन वर्षांची शिक्षा दिली. गुन्ह्याला शिक्षा झाली, परंतु गुन्ह्यावर लावलेला शिक्का न्यायालयात टिकला नाही.

सेहवानने दिलेले उत्तर

आता तिसरा प्रश्न. जावे की न जावे? भीती वाटणे स्वाभाविक आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘काही दिवस गर्दीत जाऊ नका’ असे बजावणे यातही काही गैर नाही. तथापि भीतीची सवय झाली की हल्लेखोराचे काम आपोआप पूर्ण होते.

सेहवानच्या लोकांनी दिलेले उत्तर म्हणूनच स्मरणात ठेवण्याजोगे आहे. लाल शहबाज कलंदर यांना सिंधमधील हिंदू झूलेलाल मानत आले आहेत. फाळणीनंतर विदर्भातील गावोगावी स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांनाही हे नाव जिव्हाळ्याचे आहे. स्फोटानंतरच्या पहाटे दर्ग्याच्या सेवेकऱ्याने रोजच्याप्रमाणे साडेतीनच्या सुमारास घंटा वाजवली. धमाल हे तेथील भक्तिनृत्यही पुन्हा सुरू झाले. काही दिवसांतच कराचीच्या प्रसिद्ध नृत्यांगना शीमा किरमानी सेहवानला गेल्या आणि त्यांनी दर्ग्यात धमाल सादर केली. एका शहरवासी स्त्रीची ही प्रतिक्रिया होती. त्यात कोणाचा निषेध करणारी घोषणा नव्हती. जे थांबवण्यासाठी बॉम्ब ठेवला गेला, तेच त्यांनी पुन्हा केले.

पंजाबातील पाकपट्टण येथे बाबा फरीद यांच्या दर्ग्याच्या दारात २५ ऑक्टोबर २०१० रोजी स्फोट झाला होता. गिरडच्या टेकडीवर ज्यांच्या नावाने नवस बोलले जातात, त्यांचे नाव लोकपरंपरेने याच बाबा फरीद यांच्याशी जोडले आहे. तो दर्गाही बंद पडला नाही.

आपण काय करावे?

नागरिकांच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. यात्रा-उरुसात बेवारस पिशवी, डबा अथवा वाहन दिसल्यास त्यास हात न लावता दूर व्हावे व पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवावे. तपासणीच्या रांगेत कुरकुर करू नये. घटना घडल्यास घटनास्थळी बघ्यांची गर्दी न करता रुग्णालयात रक्ताची गरज आहे काय, याची चौकशी करावी. खातरजमा न केलेले छायाचित्र वा संदेश पुढे पाठवू नये. आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ‘कोणी केले’ याचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे देण्यात कमीपणा मानू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट सवयीची. आर्णीच्या यात्रेला सहकुटुंब जाणाऱ्याने पुढच्या वर्षीही जावे. संदलच्या वाटेवर पाण्याचे पिंप ठेवणाऱ्या दुकानदाराने ते याही वर्षी ठेवावे. ज्यांची श्रद्धा नाही, त्यांनी न जावे, परंतु जाणाऱ्याला अडवू नये. दहशतवाद्यांचा शोध घेण्याचे काम पोलिसांचे, शिक्षा देण्याचे न्यायालयाचे. गुरुवारी सायंकाळी दर्ग्याच्या पायरीवर चपला पूर्वीइतक्याच दिसतील, हे पाहणे मात्र शहरातील सामान्य माणसाच्याच हाती आहे.