द्राक्षमद्यात मुरलेले चीज

दूध नासले की आपल्या घरात हळहळ होते. परंतु जगातील पुष्कळ खेड्यांनी दूध मुद्दाम फाडून त्याचा महिनोन् महिने टिकणारा जिन्नस केला. त्याचे नाव चीज. पेण-रोह्याच्या मंडळींना त्यातले तत्त्व नवे नाही. मिठागराचे मीठ, उन्हात वाळवलेला जवळा, बरणीतले लोणचे आठवा. नाशिवंत वस्तूतले पाणी कमी करावयाचे आणि मिठाने ती राखावयाची, हीच ती युक्ती.

लिंबू पिळून तापते दूध फाडले की पनीर, विरजण लावले की दही. चीजसाठी विरजणाबरोबर रेनेट नावाचा पाचक पदार्थ घालतात. त्याने दूध खरवसासारखे थिजते. मग ते कापून, निवळी गाळून, दाबून, मीठ लावून मुरत ठेवतात. सुमारे 10 लिटर दुधाचे जेमतेम 1 किलो कठीण चीज होते. किंमत का चढते, ते यावरून उमगेल.

आता त्यात मद्य कशाला? स्पेनमधील मुर्सिया प्रांतात शेळीच्या दुधाचे चीज तांबड्या वाईनमध्ये दोनतीन दिवस बुडवतात. इटलीत त्रेव्हिझोच्या बाजूस ते द्राक्षांच्या चोथ्यात पुरतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या नजरेआड करण्यासाठी शेतकऱ्यांनी ते तसे लपवले, अशी तिकडे आख्यायिका आहे. मद्यातील आम्ल आणि अल्कोहोल यांमुळे बुरशीला सहजी थारा मिळत नाही. साल जांभळी होते, आतला गर पांढराच राहतो आणि वासात फळाची झाक येते. आपल्या नाशिककडेही द्राक्षांची वाईन होते, तेव्हा हा मेळ आपल्याला अगदीच परका नाही.

चाखावे कसे? फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, कारण गारठ्यात वास दबतो. सालीपासून गाभ्यापर्यंत पातळ काप काढा. मेणाचे आवरण असल्यास सोलून टाका. आधी हुंगा, मग घास जिभेवर विरघळू द्या. प्रथम खारटपणा, मग दुधाचा स्निग्धपणा, शेवटी द्राक्षाचा तुरटपणा असा क्रम लागेल. सोबत तांदळाची भाकरी आणि पांढरा कांदाही चालेल.

मात्र खाण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या, बरे का! सालीत मद्याचा अंश राहू शकतो. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांना हे सांगितल्यावाचून वाढू नये, मुलांना तर देऊच नये. दुसरे, काही रेनेट वासराच्या जठरातून काढतात, काही सूक्ष्मजीवांपासून करतात. शाकाहारी माणसाने वेष्टनावरचे हिरवे चिन्ह पाहावे.

गुरुजनांना एक सुचवितो. वर्गात 1 लिटर दूध लिंबाने फाडा, चोथा आणि निवळी वेगवेगळी तोला. दुधात पाणी किती नि सत्त्व किती, हे मुले आपणच सांगतील.