पैनगंगेच्या काठावरची दोन स्थलांतरे आणि लष्कर

निर्वासितांच्या प्रश्नात लष्कराने काय केले, याची चर्चा बहुधा 1947 च्या पंजाबपासून सुरू होते. कारण तेथे फाळणीनंतर ‘मिलिटरी इव्हॅक्युएशन ऑर्गनायझेशन’, म्हणजे धोक्यात सापडलेल्या लोकांना पहाऱ्यात सीमेपार नेणारी खास लष्करी यंत्रणा, उभारण्यात आली होती. मराठवाड्यात तसे काही घडले नाही, आणि म्हणूनच येथला अनुभव वेगळा आणि अधिक अस्वस्थ करणारा आहे.

कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत असे, तर पैनगंगा ओलांडली की उमरखेड-पुसदचा वऱ्हाडी, म्हणजे भारतीय मुलूख लागत असे. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, तरी कासीम रझवीच्या रझाकारांचा, म्हणजे इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, जाच वाढतच गेला आणि संस्थानातील असंख्य हिंदू कुटुंबांनी घरदार सोडून सीमेपलीकडे आसरा घेतला. त्याच सुमारास उलट दिशेनेही, मध्य प्रांत-वऱ्हाडातून जीव मुठीत धरून निघालेली मुसलमान कुटुंबे संस्थानात येत होती. संस्थानात निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसने सीमेवर उमरखेडसारख्या ठिकाणी काढलेल्या कॅम्पांतून करोडगिरी नाक्यांवर, म्हणजे निजामाच्या जकात चौक्यांवर, हल्ले होत.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून निघालेल्या मुख्य तुकडीने त्याच दिवशी नळदुर्ग घेतला, 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि गाव सोडून गेलेल्यांना परतीची वाट मोकळी झाली. लोकांच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून रुळलेल्या या कारवाईचे हे यश निर्विवाद आहे.

तथापि शस्त्रे खाली ठेवली गेली त्याच दिवसांत दुसरे स्थलांतर सुरू झाले. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड खेडोपाडीच्या निरपराध मुसलमानांवर उगवला गेला, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांनी हैदराबाद शहर गाठले. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी 1948 च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला, तेव्हा त्यांनी मृतांचा आकडा 27,000 ते 40,000 असा अंदाजला, आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना पोचल्याचे नोंदवले. चौधरी यांच्या निःपक्षपातीपणाची या मंडळींनी प्रशंसा केली. परंतु काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस स्वतःच लुटीत सामील झाल्याचेही त्यांनी स्पष्ट लिहिले. काही गावी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना वाचवताना स्वतःचे प्राण गमावले, ही त्याच अहवालातील नोंद विशेष मोलाची आहे, कारण बंदुकीचे संरक्षण पोचले नाही तेथे शेजारधर्म उभा राहिला, असे ती सांगते.

राजवट पाडण्यास पाच दिवस पुरले, पण गावोगाव पहारा बसवण्याची तयारी त्या योजनेत अपुरी होती, आणि निर्वासितांच्या दृष्टीने हीच तिची सर्वांत मोठी उणीव ठरते. सुंदरलाल समितीचा अहवाल 2013 पर्यंत सर्वसामान्य वाचकांच्या हाती आला नाही. आता तो उपलब्ध असल्याने, 17 सप्टेंबरला शाळाशाळांतून मुक्तिसंग्रामाची कथा सांगताना त्यातील पानेही मुलांना वाचून दाखवली पाहिजेत.